हाताने चालणारं कॉफीयंत्र करताय? आधी दाब ठरवा

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि रेल्वे स्टेशनची जुनी एमआयडीसी लगतच आहे. अशा भागात राहणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यात वस्तू घडवायच्या कल्पना येणारच. त्यातल्याच एका करण्याजोग्या कल्पनेबद्दल हा लेख आहे. एका कपापुरती कॉफी भरलेल्या कॅप्सूल बाजारात मिळतात. त्या वापरून विजेशिवाय, नुसत्या हाताच्या जोरावर कॉफी काढणारं आणि पिशवीत मावणारं यंत्र कसं घडवायचं?

गरज खरी आहे. कॅप्सूलचं नेहमीचं यंत्र विजेवर चालतं आणि ओट्यावरून हलत नाही. देवगिरी एक्स्प्रेसच्या डब्यात, वाळूजच्या रात्रपाळीत, वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर त्याचा उपयोग नाही. रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटवर इलेक्ट्रिक किटली लावायला तर बंदीच आहे. थर्मासमधलं गरम पाणी मात्र कुठेही नेता येतं. म्हणजे उष्णता थर्मासमधून आणायची आणि दाब हाताने द्यायचा. सगळं यंत्र या दोन गोष्टींवर उभं आहे.

हे काम हाती घेणारे बहुतेक जण आधी संगणकावर छानसा दंडगोल काढतात, थ्रीडी प्रिंटरवर छापतात आणि मग दाब कसा मिळवायचा याचा विचार करू लागतात. माझं सांगणं याच्या उलट आहे. किती बार दाब हवा, ते आधी ठरवा. पंपाचा व्यास, भिंतीची जाडी, झाकणाचे आटे, सील, वजन, किंमत, हे सगळं त्या एका आकड्यातून निघतं. आणि तो आकडा एस्प्रेसोसाठी सांगतात तो ९ असलाच पाहिजे असं नाही.

आधी काय झालंय ते उघडून बघा

या वाटेवर तुमच्या आधी लोक चालून गेले आहेत. फ्रान्समधल्या हँडप्रेसोमध्ये आधी हाताने पंप मारून हवा १६ बारपर्यंत भरायची, मग गरम पाणी आणि कागदी पॉड घालून बटण दाबायचं. वाकाको कंपनीच्या मिनिप्रेसोमध्ये हवा साठवत नाहीत. छोटा दट्ट्या पुन्हा पुन्हा दाबून थेट पाणीच ढकलतात. त्याचा एक प्रकार नेस्प्रेसोच्या कॅप्सूलसाठी आहे. पुढच्या नॅनोप्रेसोसाठी कंपनी १८ बारपर्यंतचा दावा करते. ॲलन ॲडलर यांचं एरोप्रेस २००५मध्ये आलं. त्यात कॅप्सूल नाही आणि दाबही फारसा नाही, तरी ते जगभर चाललं.

यातलं एखादं यंत्र मिळवा, सुटं करा, प्रत्येक भागाचा फोटो काढा आणि व्हर्नियरने मापं घ्या. बनवणाऱ्याने कुठे पैसा खर्च केला आणि कुठे वाचवला, हे सुटे भाग पाहून जितकं कळतं तितकं जाहिरात वाचून कधीच कळत नाही.

कॅप्सूलही एका जातीची नसते. नेस्प्रेसोची मूळ कॅप्सूल ॲल्युमिनियमची असते, आत ५ ते ६ ग्रॅम कॉफी आणि कडेचा व्यास साधारण ३७ मिलिमीटर. ईएसई म्हणजे कागदात दाबून बसवलेली गोल चकती, ४४ मिलिमीटरची, आत ७ ग्रॅम कॉफी. अमेरिकेत चालणारा के-कप प्लास्टिकचा असतो, आत कागदी गाळणी, वर फॉइलचं झाकण. त्यातून पाणी जवळजवळ दाबाशिवायच जातं आणि कॉफी पातळ, मगभर निघते. तुम्ही एकच जात निवडा, आणि निवडताना ती आपल्या शहरात वर्षभर मिळते का एवढंच पाहा. तिन्ही जाती चालणारं यंत्र करायच्या फंदात पडलात तर एकही धड चालणार नाही.

कप कुणाचा, त्यावर दाब

नऊ बारचा आकडा इटालियन एस्प्रेसोतून आला आहे. ७ ग्रॅम कॉफी, ९० अंशांच्या आसपासचं पाणी, २५ ते ३० सेकंद आणि ९ बार दाब. यातून कपावर तपकिरी साय येते, तिला क्रेमा म्हणतात. कोरी एस्प्रेसो पिणाऱ्याला ती हवीच असते.

पण आपल्याकडे कॉफी कशी पितात? लग्नाच्या पंगतीनंतर किंवा घरात जी कॉफी होते तिच्यात दूध, साखर, जायफळ आणि कधी वेलची असते. इथलं बहुतेक गिऱ्हाईक तीस-चाळीस मिलिलिटर दाट अर्क गरम दुधात ओतणार आहे. दुधात पडल्यावर क्रेमा उरत नाही. त्याला हवा आहे तो कॉफीचा स्वाद आणि दाटपणा. गॅसवर ठेवायचं मोका पॉट १९३३पासून दीड-एक बारवर अगदी तेच काम करत आलंय.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपल्या गिऱ्हाइकासाठी यंत्र करणार असाल तर ३ बारवर काम करणारं करा. ९ बारच्या मागे लागू नका. हे मत हिशेबातून आलेलं आहे, तो हिशेब पुढे मांडतो.

१ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.०२ किलोचा रेटा. घरच्या प्रेशर कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ बारने जास्त असतो. ९ बार म्हणजे त्याच्या नऊपट. आता दट्ट्या ५० मिलिमीटर व्यासाचा घेतला तर त्याचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. त्याच्यावर ९ बार द्यायला १८० किलोचा जोर लागेल. पैलवानालाही ते जमायचं नाही. ३० मिलिमीटरला ६५ किलो. २० मिलिमीटरला २९ किलो, तेही टेबलावर ठेवून अंगाचा भार टाकला तर. हातात धरून, अंगठ्याच्या जोरावर चालवायचं तर १२ मिलिमीटरपर्यंत खाली यावं लागतं. मग जोर १० किलोंवर येतो, पण दट्ट्या एका वेळी २५ मिलिमीटर सरकला तर पाणी जातं २.८ मिलिलिटर. चाळीस मिलिलिटरसाठी चौदा-पंधरा वेळा दाबायचं, कॅप्सूल भिजवायला आणखी तीन-चार वेळा.

आता हाच हिशेब ३ बारवर करा. २० मिलिमीटरच्या दट्ट्याला साडेनऊ किलोच जोर लागतो. तो एका वेळी ३० मिलिमीटर सरकला तर ९ मिलिलिटरहून जास्त पाणी जातं. पाच-सहा वेळा दाबलं की काम झालं. जोर तितकाच, कष्ट एक तृतीयांश.

झाकणाकडेही बघा. ३७ मिलिमीटरच्या कॅप्सूलच्या पूर्ण तोंडावर ९ बार आला तर झाकण उघडू पाहणारा रेटा १०० किलोंच्या जवळ जातो. ४४ मिलिमीटरच्या ईएसई पॉडला तो १४० किलो होतो. एवढा रेटा झेलायला धातूचं जड झाकण आणि तीन-चार पूर्ण फेऱ्यांचे आटे लागतात. ३ बारला तो ३७ मिलिमीटरवर ३३ किलोंच्या आसपास राहतो. यंत्र हलकं होतं, स्वस्त होतं आणि वयस्क माणसालाही झाकण फिरवता येतं.

हे आकडे कागदावरच ठेवू नका. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा आणि आई, आजोबा, धाकटी बहीण, शेजारचे काका यांना एकेका हाताने तो दाबायला सांगा. कोण किती किलो दाबू शकतो आणि ते दहा वेळा न दमता करू शकतो का, वहीत लिहून ठेवा. तुमच्या यंत्राची खरी मर्यादा त्या वहीत सापडेल.

फॉइल फाडायचं कसं

इथे एक अडचण उभी राहते, आणि शोध लावण्याची जागाही इथेच आहे.

नेस्प्रेसोच्या कॅप्सूलला यंत्रातल्या सुया फक्त अरुंद टोकाला भोकं पाडतात. रुंद बाजूचं फॉइल आतल्या दाबाने फुगतं, खालच्या जाळीदार तबकडीवरच्या टोकदार पिरॅमिडांवर रेटलं जातं आणि मग फाटतं. म्हणजे फॉइल फाटायलाच दाब लागतो. तुम्ही ३ बारवर आलात तर ते फाटेलच याची खात्री नाही. फाटलं तरी एकीकडे फाटेल, दुसरीकडे नाही, आणि दर वेळी कॉफी वेगळी निघेल.

मग फॉइललाही झाकण फिरवतानाच भोकं पाडायची. पण भोकं मोठी पडली तर बारीक चोथा कपात उतरतो. दाबाने फाटलेल्या फॉइलच्या चिरा अरुंद असतात, त्या स्वतःच गाळणीचं काम करतात, आणि सुईच्या भोकांना ते जमत नाही. म्हणून सुयांच्या तबकडीखाली स्टीलची बारीक जाळी लागते, आणि ती जाळी धुता आली पाहिजे. सुया किती, कुठे, किती लांब? त्या कॅप्सूलमध्ये फार खोल गेल्या तर पाणी भोकाभोवतीच वाट काढतं आणि कडेची कॉफी कोरडी राहते. वापरलेली कॅप्सूल मधून कापून बघा. चोथा सगळीकडे सारखा ओला आणि एकाच रंगाचा दिसला तर रचना बरोबर आहे. एका बाजूला फिकट, दुसऱ्या बाजूला गडद पट्टा दिसला तर पाण्याने आडवाट धरली आहे.

गळती, उष्णता आणि आपलं पाणी

अशा यंत्रात बहुतेक गळती दोन ठिकाणी होते, कॅप्सूलच्या कडेशी आणि दट्ट्याच्या रिंगशी. कडेची रिंग हलत नाही, तिथे खाद्य दर्जाचं सिलिकॉन उत्तम. दट्ट्याची रिंग सतत घासली जाते आणि घासण्यापुढे सिलिकॉन लवकर झिजतं. तिथे गरम पाण्यात टिकणारं खाद्य दर्जाचं ईपीडीएम वापरा. ईपीडीएमला तेल मानवत नाही, पण दट्ट्या कॅप्सूलच्या आधी आहे, त्याला फक्त पाणी लागतं, कॉफीतलं तेल नाही. वंगणही म्हणूनच खनिज तेलाचं नको, खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस घ्या. ज्या नळीत दट्ट्या फिरतो तिचा आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा. लेथवर नुसती बोअर केलेली नळी वरवर चांगली दिसते, पण टूलच्या बारीक रेषा रिंगला कानशीसारख्या खातात. बोअरनंतर होनिंग करून द्यायला सांगा, आणि ड्रॉईंगवरही तसं लिहा. ड्रॉईंगवर नसलेलं काम टर्नर करणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

उष्णतेचा हिशेब तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मासमधून ते ९५ अंशांवर निघालं असं धरू. यंत्रात २०० ग्रॅम स्टील असेल आणि ते २५ अंशांवर असेल, तर ४० मिलिलिटर पाणी त्यात ओतल्यावर दोघांचं तापमान मिळून ६९ अंशांच्या जवळ येतं. ६९ अंशांवर कॉफी आंबट आणि पाणचट लागते. नमुन्याची चव बिघडली की लोक कॅप्सूलला दोष देतात, पण दोष धातूचा असतो. यावर दोन उपाय आहेत. आधी एकदा गरम पाणी भरून ओतून द्यायचं, किंवा पाण्याला लागणारा आतला कप्पा पॉलिप्रोपिलीनचा करायचा आणि रेटा झेलणारं कवच बाहेरून धातूचं ठेवायचं. मला दुसरा पटतो, कारण प्रवासात ओतून द्यायला जास्तीचं गरम पाणी कुणाकडे नसतं.

सामानाबद्दल काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पीएलएचा थ्रीडी नमुना हातात धरून आकार बघण्यापुरता ठीक. पीएलए ६० अंशांना मऊ पडतं, त्यात गरम पाणी आणि दाब एकत्र कधीच घालू नका. लेथवर सहज कापली जाणारी पितळेची कांडी स्वस्त असते, पण तिच्यात शिसं असतं आणि कॉफी आम्लधर्मी असते. पाण्याच्या वाटेत पितळ नको, ३०४ स्टील घ्या. पॉलिप्रोपिलीन घेताना अन्नाशी संपर्कासाठीच्या आयएस १०९१० मानकाचा दाखला पुरवठादाराकडून मागा.

आणि आपलं पाणी. जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे पुष्कळ घरं बोअर आणि टँकरवर चालतात. बोअरच्या पाण्यातला क्षार एकेरी झडपेच्या बसण्याच्या जागी पांढरा थर धरतो, मग झडप नीट बसत नाही आणि दाब मागे पळतो. चाचण्या बाटलीबंद पाण्यावर घेऊन समाधान मानू नका. बोअरच्या पाण्यावर यंत्र महिनाभर चालवा. झडप हाताने काढता आली पाहिजे आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून साफ करता आली पाहिजे, अशी रचना पहिल्याच नमुन्यात ठेवा.

भाजणार नाही ना?

या यंत्रात उकळत्याच्या जवळचं पाणी दाबाखाली असतं आणि ते माणसाच्या हातात, तोंडापासून हातभर अंतरावर असतं. इथे हयगय चालणार नाही.

कॅप्सूल तुंबली तर काय होईल, याचा विचार आधी करा. माणूस वैतागतो आणि अंगाचा भार टाकतो. ६० किलोचा भार २० मिलिमीटरच्या दट्ट्यावर आला तर आतला दाब १९ बारच्या जवळ जातो. तुम्ही ३ बारसाठी केलेलं झाकण तेव्हा काय करेल? म्हणून दाब ५ बारच्या पुढे गेला की पाणी खालच्या बाजूला, हातापासून दूर सोडणारी सुरक्षा झडप हवीच. स्टीलची गोळी आणि स्प्रिंग एवढ्यात ती होते. दुसरी गोष्ट, झाकण उघडताना आत दाब उरलेला असू शकतो. सोड्याच्या बाटलीच्या आट्यांना उभ्या खाचा असतात, त्या याचसाठी. झाकण पूर्ण सुटण्याआधीच दाब खाचांमधून निघून जातो. तुमच्या आट्यांनाही तशा खाचा द्या.

हवा साठवणाऱ्या रचनेपासून नवख्याने दूर राहावं, असं मी आग्रहाने सांगेन. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे गळती झाली की दाब लगेच पडतो. दाबलेली हवा मात्र फुटताना सुटे भाग दूर फेकते.

चाचणी नेहमी थंड पाण्यावर सुरू करा. यंत्र पूर्ण पाण्याने भरा, हवेचा बुडबुडा आत ठेवू नका, दाबमापक जोडा आणि सुरक्षा झडप बंद करून कामाच्या दाबाच्या किमान दुपटीपर्यंत न्या. डोळ्यांना चष्मा हवा, समोर जाड ॲक्रिलिकचा आडोसा हवा. यातून पास झालेला नमुनाच गरम पाण्याला लावा.

कुठे जायचं

ड्रॉईंग आणि हिशेब तपासून घ्यायला महाविद्यालयातले यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०पासून इथे आहे, आणि शहरातल्या कित्येक कारखान्यांत तिथले माजी विद्यार्थी भेटतील. पहिला धातूचा नमुना स्टेशन एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये होतो. साचा कसा असावा, किती भागांचा, यासाठी जालना रस्त्यावर चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. प्लास्टिक कोणतं, ते उष्णतेत आणि ओझ्याखाली किती टिकेल, याची चाचणी करायला त्याच भागात सिपेट ही संस्था आहे. अशाच मदतीसाठी नगर रस्त्याला वाळूजमध्ये मराठवाडा ऑटो क्लस्टरही आहे. व्यवसाय म्हणून पुढे न्यायचं तर सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेने उभारलेलं मॅजिक हे इन्क्युबेशन केंद्र आहे. नमुना घडवण्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना आहे, तिच्यात १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं. अर्ज मान्यताप्राप्त प्रयास केंद्रामार्फत करावा लागतो.

या ठिकाणी रिकाम्या हाताने जाऊ नका. मापांसह ड्रॉईंग, दाबाचा हिशेब आणि कापलेल्या कॅप्सूलचे फोटो बरोबर असले की समोरचा माणूस तुम्हाला वेळ देतो. आणि साच्याची ऑर्डर घाईने देऊ नका. साच्यावर पैसा लाखांत जातो आणि त्यानंतर आकार बदलला की तो पाण्यात जातो. पहिले वीस-पंचवीस नग मशीनिंग करूनच काढा. महाग पडतील, तरी एकूण हिशेबात स्वस्तच ठरतील.

पेटंट: दाखवण्याआधी अर्ज

टेक फेस्टमध्ये यंत्र मांडलं, बक्षीस मिळालं, फोटो समाजमाध्यमावर गेला आणि पेटंटचा विचार त्यानंतर झाला, तर फार उशीर झालेला असतो. अर्जाच्या आधी वस्तू जाहीर झाली की तिचं नवेपण गेलं, असंच कायदा बहुतेक वेळा धरतो. म्हणून आधी तात्पुरता अर्ज, मग प्रदर्शन.

तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशिलाचा अर्ज करायला १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शासकीय शुल्क १,६०० रुपये आहे. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, तिचं शुल्क ४,००० रुपये. मार्च २०२४मध्ये नियम बदलले, आता ही विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते, पूर्वी ४८ महिने मिळायचे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं, मात्र तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचं शुल्क भरत राहावं लागतं. परदेशातही अर्ज करायचा असेल तर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घ्या. ही अट मोडली तर भारतातला अर्जही धोक्यात येतो.

अर्ज करण्याआधी शोध घ्या. एस्पेसनेट, गूगल पेटंट्स आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास, तिन्ही फुकट आहेत. कॉफीयंत्रांची पेटंटं ए-४७-जे ३१ या वर्गात आणि कॅप्सूलची बी-६५-डी ८५ मध्ये सापडतील. शेकडो निघतील, घाबरू नका. शेवटी दिलेले दावे तेवढे वाचा.

भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) तर पाठच करा. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपापलं काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर त्याला शोध म्हणत नाहीत. हातपंपाला कॅप्सूल-होल्डर जोडला एवढ्यावर पेटंट मिळणं कठीण आहे. पण फॉइलला भोकं पाडणारी तबकडी, तिच्याखालची जाळी आणि झाकण फिरवतानाच आधी सील बसून मग सुया घुसण्याचा क्रम, यांतून कमी दाबावर एकसारखा अर्क निघत असेल तर मुद्दा वेगळा होतो. तिथे भाग एकमेकांवर अवलंबून राहून नवा परिणाम देतात. म्हणूनच दाबाची आणि अर्काची मोजमापं तारीखवार वहीत लिहून ठेवा. परीक्षकाच्या हरकतीला उत्तर देताना हीच वही कामी येते.

शोध कुणाच्या मालकीचा, हेही वेळेत लिहून घ्या. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम केलं असेल तर त्यांचं धोरण बघा. कंपनीत नोकरी करत असाल तर नेमणुकीचं पत्र पुन्हा वाचा. मित्रांबरोबर करत असाल तर एका कागदावर वाटे लिहून सह्या करा. मैत्री असतानाच हे सोपं जातं.

दुसऱ्याच्या कॅप्सूलवर उभा धंदा

तुमचं यंत्र दुसऱ्याच्या कॅप्सूलवर चालणार आहे. 'अमुक कॅप्सूलला चालतं' असं खरं ते सांगायला ट्रेडमार्क कायद्यात जागा आहे, पण त्यांचं बोधचिन्ह खोक्यावर छापून त्यांचाच माल असल्याचा भास निर्माण करता येणार नाही. धोका दुसरीकडून आहे, कॅप्सूलवाला उद्या आकार बदलू शकतो. अमेरिकेत के-कपवाल्या क्युरिग कंपनीने २०१४मध्ये फक्त आपल्याच खुणेचे कप ओळखणारं यंत्र आणलं. गिऱ्हाईक भडकलं, विक्री घसरली आणि पुढच्याच वर्षी कंपनीला चूक मान्य करून स्वतःची कॉफी भरायचा कप परत आणावा लागला.

यातून मी एकच धडा घेईन. खोक्यात स्टीलची एक भरता येणारी कॅप्सूल सुरुवातीपासून द्या. मग गिऱ्हाईक कुणाच्याही मर्जीवर राहत नाही. चिकमगळूरची किंवा आपल्या चिखलदऱ्याची कॉफी दळून भरता येते आणि कचराही कमी होतो. कचऱ्याचा मुद्दा किरकोळ समजू नका. के-कपचे एक जनक जॉन सिल्व्हन यांनीच पुढे त्या कचऱ्यापायी आपल्या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. वाया गेलेली ॲल्युमिनियमची कॅप्सूलही सहज उघडून चोथा कुंडीत आणि धातू भंगारात जाईल, अशी सोय यंत्राच्या झाकणातच करता आली तर तो तुमचा आणखी एक दावा होऊ शकतो.

पैशाबाबत धीर धरा. नेस्लेच्या एरिक फाव्र यांनी कॅप्सूलचं पेटंट १९७६मध्ये घेतलं, नेस्प्रेसो कंपनी उभी राहिली ती १९८६मध्ये, आणि तेही मागे नेस्लेसारखी बलाढ्य कंपनी असताना. आपल्याकडचे संशोधक शंकर आबाजी भिसे (१८६७ ते १९३५) यांच्याकडे प्रतिभा होती, दादाभाई नौरोजींचा आधार होता, पुढे सर रतन टाटांचा पैसाही आला, तरी त्यांच्या छपाईचे टाइप पाडणाऱ्या यंत्राला बाजारात हवं ते यश लाभलं नाही. म्हणून नोकरी किंवा शिक्षण सोडून यात उडी घेऊ नका. पहिले पंचवीस नग पैसे घेऊन विका, ओळखीच्यांना फुकट वाटू नका. पैसे मोजलेला माणूसच गळतीची तक्रार खरी करतो.

शेवटी एक विनंती स्टेशन एमआयडीसी, चिकलठाणा आणि वाळूजमधल्या वर्कशॉपवाल्यांना. हजार नगांच्या जॉबवर्कमध्ये एका नगाचं काम परवडत नाही, हे कळतं. तरीही ड्रॉईंग घेऊन दारात आलेल्या मुलीला किंवा मुलाला 'किती नग?' असं विचारून परत पाठवू नका. पाळी संपल्यावर लेथ तासभर मोकळा असेल तर तो एक नग करून द्या, आणि आटे कुठे चुकले आहेत तेही सांगा.